खड्ड्यातून उठलेला टॉम

इतिहासाच्या पुस्तकात आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ दोन ओळींत आटोपतो. १८४५ साली पिकावर करपा पडला, पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. आकडा वाचायचा आणि पान उलटायचं!

पण मंडळी, आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्क परगण्यात स्किबरीन नावाचं गाव आहे. गावाबाहेर आयलेन नदीकाठी ॲबीस्ट्रूरीची जुनी दफनभूमी आहे. तिथल्या एका हिरव्या तुकड्याखाली आठ ते दहा हजार माणसं पुरलेली आहेत, असं मानतात. त्यांच्या नावाचे दगड नाहीत. शवपेट्या तरी कुठून आणायच्या? तळाला बिजागरी लावलेली एकच पेटी वापरायचे. प्रेत खड्ड्यात सोडायचं आणि पेटी पुढच्यासाठी परत न्यायची. त्याच काळात आयर्लंडमधून धान्याची जहाजं मात्र इंग्लंडला जातच होती.

या खड्ड्याची एक गोष्ट तिकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. टॉम गेरिन नावाचं लहान पोर मेलं असं समजून इतर प्रेतांबरोबर खड्ड्यात टाकलं. पुरणाऱ्याचं फावडं त्याच्या पायांवर बसलं आणि पोर कण्हलं! त्याला बाहेर काढलं. पाय मात्र कायमचे अधू झाले. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, लोककथेचं तसंच असतं. पण टॉम हा खराखुरा माणूस होता. लंगडत लंगडत तो १९१० सालापर्यंत जगला.

मला वाटतं, लोकांनी ही गोष्ट जपली ती चमत्कार म्हणून नव्हे. दहा हजारांचं दुःख मनात मावत नाही, एका पोराचं कण्हणं मावतं. शिवाय त्यात एक बोचरा प्रश्नही आहे. घाईघाईत पुरलेल्यांत आणखी किती जण जिवंत असतील? कागदावर हा प्रश्न कुणी नोंदवला नसता. गोष्टीने तो जिवंत ठेवला.

१८४६ साली आपल्याकडे कलकत्त्यातही आयरिश दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमला होता. भूक कुणाची, हे विचारत न बसता!

तुमच्या गावच्या मसणवटीच्या, दुष्काळाच्या अशा गोष्टी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा. दगड नसले, तरी गोष्ट असली की माणूस उरतो.