शरणपूरचे आफ्रिकी ख्रिस्ती

छत्रपती संभाजीनगरचे मूळ गाव खडकी मलिक अंबरने १६१० मध्ये वसविले. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा सरदार ओरोमो वंशाचा असावा, असे काही इतिहासकार मानतात. त्याच्यानंतर सुमारे अडीच शतकांनी पूर्व आफ्रिकेतील गुलामांची आणखी एक तुकडी महाराष्ट्रात आली. नाशिकच्या मराठी ख्रिस्ती वसाहतीने तिला आपल्यात सामावून घेतले. हा इतिहास मात्र फारसा परिचित नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसविले. ब्रिटिश आरमार अरबी गलबतांवरून सोडविलेली मुले मुंबईत आणून उतरवीत असे. त्यांपैकी अनेकांची रवानगी शरणपूरच्या आश्रमात होई. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी राहून ही मुले लिहावाचावयास शिकली. सुतारकाम आणि लोहारकामही त्यांनी आत्मसात केले. गावाचे नाव त्यांच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले.

प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८६६ मधील मोहिमेत नाशिकचे नऊ तरुण सोबत घेतले होते. १८७२ मध्ये त्यांच्या मदतीस पाठविलेल्यांत जेकब वेनराइट हाही याच शाळेचा विद्यार्थी होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन यांचे निधन झाल्यावर त्यांचे हृदय आफ्रिकेतच पुरण्यात आले. त्या वेळी अंत्यप्रार्थना वेनराइटने वाचली. पुढे १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पार्थिवाला खांदा देणाऱ्यांतही तो होता.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सूचनेनुसार मुक्त गुलामांसाठी मोंबासाजवळ वसाहत उभारण्याचे ठरले. १८७४-७५ मध्ये प्राइस स्वतः तेथे गेले आणि शरणपूरचा आफ्रिकी आश्रम बंद झाला. नव्या वसाहतीला फ्रिअर टाउन हे नाव मिळाले.

खरी कसोटी तेथे लागली. मायभूमीत परतलेल्या या मंडळींना लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. लहानपणीच दुरावल्यामुळे अनेकांची मातृभाषा विस्मृतीत गेली होती. इंग्रजी व हिंदुस्थानी मात्र त्यांना अवगत होती. शरणपुरात ते आफ्रिकी होते, मोंबाशात मुंबईकर ठरले! तरीही शिक्षक आणि धर्मोपदेशक म्हणून त्यांनीच तेथील चर्चचा पाया घातला. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ मध्ये धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले, आणि उरलेल्या माणसांना घेऊन जोन्स किनाऱ्याकडे परतले.