दप्तर कुणाकडे?

परवा जुन्या सीड्या आवरताना २००४ साली लिहिलेला एक प्रोग्रॅम सापडला. आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका दूध संस्थेसाठी केलेला. डेटा फॉक्सप्रोत, प्रोग्रॅम डॉटनेटमध्ये, आणि प्रत्येक स्क्रीन थेट फॉक्सप्रोशी बोलणारी.

पुढे संस्थेनं एसक्यूएल सर्व्हर घेतला. मी जागोजागी कोड बदलला, एक जागा राहिली. तिथे ०५/०६ म्हणजे पाच जून हे नव्या डेटाबेसनं सहा मे असं वाचलं. त्यामुळे एका म्हाताऱ्या उत्पादकाची पेंडीची उचल 'बाकी' दिसली आणि पुढच्या बिलात पुन्हा कापली गेली. पैसे परत मिळाले, पण खिडकीशी उभे असलेले बाबा अजून डोळ्यांपुढे आहेत. चूक माझीच होती.

हे दुखणं जुनंच. १९९२ साली मायक्रोसॉफ्टनं ओडीबीसी आणलं, ते सगळ्या डेटाबेसना एकाच पद्धतीनं हाक मारता यावी म्हणून. २००२ च्या एडीओ डॉटनेटमध्ये वेगवेगळे प्रोव्हायडर आले, पण आम्ही त्यांच्या क्लासची नावं कोडमध्ये सगळीकडे लिहून ठेवायचो. २००५ च्या डॉटनेट २.० मध्ये सामाईक मूळ क्लास आणि फॅक्टरी आली. प्रोव्हायडरचं नाव कॉन्फिग फाइलमध्ये लिहा, कनेक्शन हातात घ्या.

प्रश्न सुटला? अर्धाच. कनेक्शन एकसारखं झालं, बोली नाही. एकाला पॅरामीटरच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह लागतं, दुसऱ्याला नाव. तारखांच्या तऱ्हा वेगळ्याच.

मला हे उमगलं ते गावच्या कुलकर्ण्यावरून. शेतकऱ्याला मोडी येत नसे. तो जाऊन एवढंच विचारायचा, "माझ्या जमिनीचं काय लिहिलंय?" दप्तर कसं लावलंय ही कुलकर्ण्याची बाब. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली, दप्तर तलाठ्याकडे राहिलं, शेतकऱ्याचा प्रश्न मात्र तोच. आपला प्रोव्हायडर क्लासही असाच हवा. स्क्रीननं फक्त 'या उत्पादकाची उचल किती?' विचारावं. फॉक्सप्रो की एसक्यूएल सर्व्हर, हे आतल्यानं बघावं.

पण दप्तर एकाच्याच हाती असलं की त्यानं काय लिहिलंय ते तपासणार कोण, हा प्रश्नही गावानं भोगलाय. म्हणून आता प्रोव्हायडर बदलला की मी जुन्या आणि नव्याला तेच प्रश्न विचारतो आणि उत्तरं ताडून बघतो. पहिला प्रश्न ठरलेला : पाच जूनची उचल.