जागेचा रकाना

माझा थोरला मामा पार्ल्याला राहायचा आणि टपाल खात्यात नोकरीला होता. तो गेल्यावर त्याच्या ट्रंकेत एक दुरेघी वही सापडली. चार रकाने : तारीख, नंबर, जात, जागा. पहिली नोंद १९६२ मधली, शेवटची १९७९ मधली. नंबर म्हणजे विमानाच्या अंगावर रंगवलेली नोंदणीची अक्षरे. जात म्हणजे बोइंग, व्हायकाउंट, कॉन्स्टेलेशन, डाकोटा. चौथ्या रकान्यात मात्र नुसती एकेक अक्षरे होती : ग, च, कु. कधी त्यापुढे बारीक अक्षरात ‘उत.’ किंवा ‘उडा.’

घरात कुणालाच याचा उलगडा होईना. मामी म्हणाली, “रविवारी सकाळी सायकल काढून जायचे, एवढंच मला ठाऊक.” मी त्या अक्षरांच्या मागे लागलो आणि त्यातून मुंबईत विमान कुठे उभे राहून बघायचे, या प्रश्नाला एक इतिहास आहे असे लक्षात आले.

विमानांचे नंबर टिपणाऱ्या माणसाला इंग्रजीत स्पॉटर म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, कारण तसा माणूस आपल्याकडे फारसा गृहीतच धरलेला नाही. हा शब्द रुळला तो दुसऱ्या महायुद्धात. रडार किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहत असे. एकदा विमान देशाच्या आत शिरले की ते आपले की जर्मन, हे सांगायला टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेला माणूसच लागे. ब्रिटनमध्ये अशा स्वयंसेवकांचे निरीक्षक दल होते, आणि १९४१ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. त्याच वर्षी ‘द एरोप्लेन स्पॉटर’ नावाचे नियतकालिक निघाले. पंखांची ठेवण, शेपटीचा आकार, इंजिनांची संख्या यांवरून विमान ओळखायला ते शिकवी. म्हणजे वर मान करून बघणे आणि टिपून ठेवणे हे तेव्हा देशकार्य होते. युद्ध संपले तरी सवय लागलेली पोरे काही घरी बसली नाहीत. १९४८ मध्ये त्यांच्यातून ‘एअर-ब्रिटन’ ही हौशी अभ्यासकांची संस्था उभी राहिली. १९५५ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर क्वीन्स बिल्डिंगचे उद्घाटन झाले, तेव्हा तिच्या गच्चीवर बघ्यांसाठी खास बागा होत्या. तिथे तिकीट काढून दिवसभर बसता येई. विमानतळाच्या दृष्टीने हा माणूस पाहुणा होता.

मुंबईची सुरुवातही अशीच मोकळी होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा जुहूचा विमानतळ हे समुद्रालगतचे सपाट खाजण होते. एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून ते आले आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूची जमीन पाण्याखाली जाई, म्हणून सगळे बिऱ्हाड उचलून पुण्याला न्यावे लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर विमान उतरे. तिथे बघण्यासाठी जागा शोधावी लागण्याचा प्रश्नच नव्हता.

महायुद्धात सांताक्रूझला लष्करी धावपट्टी झाली आणि स्वातंत्र्यानंतर प्रवासी विमाने तिकडे गेली. जुहू उरले छोट्या विमानांसाठी. पण दोन्ही विमानतळ एकमेकांपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर आणि दोघांच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेने, पूर्व-पश्चिम, टाकलेल्या. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसते. १९५३ च्या जुलैत ब्रिटिश कंपनीचे कॉमेट, म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. इतक्या आखूड पट्टीवरून ते पुन्हा उडवायचे म्हणून त्यातले वजन काढून हलके करावे लागले. बरोबर हीच चूक २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने केली. ते धावपट्टी संपली तरी थांबले नाही. सुदैवाने कुणी दगावले नाही. मामाच्या वहीत या दिवशी नोंद आहे. जागेच्या रकान्यात ‘जुहू’ असे पूर्ण लिहिलेले, पुढे दोन उद्गारचिन्हे. साऱ्या वहीत उद्गारचिन्हे तेवढीच.

आता त्या तीन अक्षरांकडे येतो. ‘ग’ म्हणजे गॅलरी, हे सोपे होते. सांताक्रूझच्या इमारतीत प्रेक्षकांसाठी गॅलरी होती आणि परदेशी जाणाऱ्याला निरोप द्यायला अख्खे कुटुंब हार घेऊन तिथे जाई, हे माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. ‘च’ आणि ‘कु’ उलगडले ते वाऱ्यामुळे.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते आणि उतरतेही. मुंबईत वारा बहुतांश काळ समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून मुख्य धावपट्टीचा जो वापर वर्षभर सर्वांत जास्त होतो तो पूर्वेकडून पश्चिमेकडे. या दिशेला धावपट्टीचा क्रमांक २७ आहे, कारण होकायंत्रावर पश्चिम म्हणजे २७० अंश, त्यातले शेवटचे शून्य गाळायचे. तेव्हा येणारे विमान घाटकोपरच्या टेकड्यांवरून, कुर्ला-अंधेरी रस्ता ओलांडून उतरणार. जाणारे विमान महामार्ग, रेल्वे, जुहू ओलांडून समुद्रावर निघणार. वहीत ‘कु’ च्या पुढे सगळीकडे ‘उत.’ आहे आणि ‘च’ च्या पुढे सगळीकडे ‘उडा.’ कुर्ला आणि चौपाटी. एकही अपवाद नाही. हवामान खात्याच्या कुठल्या तक्त्याने मला हे इतके पटवून दिले नसते.

दुसरी गोष्ट उन्हाची. पूर्व-पश्चिम धावपट्टी असेल तर उत्तर गोलार्धात बघणाऱ्याने दक्षिणेला उभे राहावे, म्हणजे ऊन पाठीशी येते आणि विमानाची कूस उजळते. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांपर्यंतच चढतो, तेही दक्षिणेकडे. छायाचित्रासाठी याहून चांगले ऊन नाही. पण आपण कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. तेव्हा विमानाचे पोट काळे ठिक्कर दिसते आणि लंडनच्या पुस्तकातला नियम मुंबईत उलटा होतो. पुढे ढग आहेतच. वहीत जून ते सप्टेंबरच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

चौपाटीच्या नोंदींवर वेळही घातलेली आहे आणि ती नेहमी सकाळी दहाच्या आतली. कारण उघड आहे. सकाळी सूर्य पूर्वेला, बघणाऱ्याच्या पाठीशी. विमान मागून डोक्यावरून येते आणि समुद्राकडे जाताना शेपटीवर ऊन पडते. संध्याकाळी तिथे चित्र सुंदर मिळेल, पण ते नुसत्या सावलीचे. अक्षरे वाचता येणार नाहीत. मामाला सुंदर चित्र नको होते, नंबर हवा होता. त्या काळी नोंदणीची अक्षरे पंखाखालीही मोठ्या आकारात रंगवत, त्यामुळे दुर्बिणीवाचूनही भागे. भारतीय विमानांची अक्षरे व्हीटी या जोडीने सुरू होतात. लोक त्याचा अर्थ ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असा लावतात आणि संसदेतही ही अक्षरे बदलण्याची मागणी झाली आहे. वस्तुस्थिती एवढीच की, ब्रिटिश साम्राज्याला ‘व्ही’ ने सुरू होणारे गट मिळाले होते आणि त्यातला एक आपल्या वाट्याला आला.

मामाजवळ आग्फाचा क्लिक कॅमेरा होता, पण वहीत चिकटवलेली छायाचित्रे दोनच आहेत आणि दोन्ही चौपाटीवरची. गॅलरीतले एकही नाही. याचे कारण विमान नियम, १९३७. त्यातला तेरावा नियम सांगतो की, सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेता येणार नाही. युद्धाच्या सावटातल्या वसाहतीच्या सरकारला असा नियम करावासा वाटला यात नवल नाही. नवल हे की, तो स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. मूळचा १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. मधल्या काळात प्रवाशांना थोडी मोकळीक मिळाली, ती मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर देण्यावाचून गत्यंतर नव्हते म्हणून. लोहगाव किंवा दाबोळी हे लष्करी तळ आहेत आणि तिथली बंदी मला समजते. मे २०२५ मध्ये अशा तळांवर उडता-उतरताना खिडक्या झाकण्याचा आदेश निघाला, त्यालाही कारण होते. माझा प्रश्न नागरी विमानतळाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा आहे.

त्याची पत १९७६ पासून घसरत गेली. त्या वर्षी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले आणि १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ स्फोटात गेल्यावर १९८७ मध्ये त्याचे स्वतंत्र खाते झाले. १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेले. प्रत्येक पावलाला सबळ कारण आहे, आणि प्रत्येक पावलागणिक बघणारा माणूस आतून बाहेर, आणि बाहेरून संशयात गेला.

हे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे १२ ब्रिटिश आणि २ डच हौशी मंडळींना लष्करी तळावर नंबर टिपल्याबद्दल अटक झाली. त्यांतल्या आठ जणांना हेरगिरीसाठी तीन वर्षांची शिक्षाही ठोठावली गेली. हे लोक गंमत म्हणून नंबर लिहितात, यावर तिथल्या न्यायालयाचा विश्वास बसेना. अपिलात सगळे सुटले. २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात धावपट्टी दिसणारी खोली मागणारे दोन ब्रिटिश पकडले गेले. त्यांच्याजवळ दुर्बीण, रेडिओ आणि नंबरांच्या याद्या होत्या. काही आठवडे अडकून पडल्यावर दंड भरून ते मायदेशी गेले.

आता उलट बाजू. जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्मा विमानतळावर एका हौशी माणसाने पांढऱ्या, बिननावाच्या एका बोइंग ७३७ चे छायाचित्र घेतले. नंबर होता एन ३१३ पी. त्याच महिन्यात खालेद अल-मस्री नावाच्या जर्मन नागरिकाला मॅसेडोनियातल्या स्कोप्ये इथून अफगाणिस्तानातल्या गुप्त तुरुंगात नेण्यात आले होते. नावाच्या सारखेपणामुळे भलताच माणूस धरला गेला होता. त्याच्या सांगण्यावर सुरुवातीला कोण विश्वास ठेवणार? पत्रकारांनी उड्डाणांच्या नोंदी आणि हौशी लोकांची छायाचित्रे जुळवली तेव्हा तेच विमान पाल्माहून स्कोप्येला गेल्याचे दिसले. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अल-मस्रीच्या बाजूने निकाल देऊन मॅसेडोनियाला जबाबदार धरले. कुंपणाबाहेर उभा राहिलेला माणूस विमानात कोण आहे हे जाणत नव्हता. त्याने फक्त नंबर वाचता येईल अशी जागा निवडली होती.

मागच्या हिवाळ्यात वही बरोबर घेऊन मी ‘कु’ ची जागा शोधायला गेलो. कुर्ला-अंधेरी रस्त्यावर जरीमरीपाशी विमान इतके खाली येते की, बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडतो, विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करतो आणि त्याला ते जाणवतही नाही. मामाच्या वेळी तिथे मोकळवन असावे. आता पत्र्याला पत्रा लागून वस्ती आहे. मुंबईतली विमान बघण्याची सर्वांत चांगली जागा ज्यांच्या घरावर आहे, त्यांना ते बघायची इच्छा उरलेली नाही. एका चहावाल्याने मला उभे राहायला फळी दिली. “सकाळी या, दुपारी ऊन तिरपं येतं,” असे त्याने सांगितले, ते मामाच्या नोंदींशी जुळणारे होते. मी कॅमेरा काढला आणि तासाभरात एका पोलिसाने मला बाजूला घेतले. सभ्य होता. वही चाळून त्याने विचारले, “हे नंबर कशाला?” माझ्याकडे एका वाक्यातले उत्तर नव्हते. त्याच वेळी त्या चहावाल्याचा मुलगा मोबाइलवर डोक्यावरच्या विमानाचा नंबर, वेग, उंची आणि ते कुठून आले हे पाहत होता. तेरावा नियम विमानतळावरच्या छायाचित्राबद्दल बोलतो, रस्त्याबद्दल नाही, हे मला घरी आल्यावर सुचले.

त्या पोलिसाला दाखवायला हवी होती ती दोन पाने. पहिल्यावर १९६४ मधली नोंद आहे : व्हीटी-डीएमएन, बोइंग ७०७, ग. एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’. शेजारी वेगळ्या शाईत ‘२४-१-६६’. त्या दिवशी हे विमान मों ब्लां पर्वतावर आदळले आणि होमी भाभांसह ११७ जण गेले. दुसऱ्या पानावर एप्रिल १९७१ : व्हीटी-ईबीडी, बोइंग ७४७, ग. एअर इंडियाचे पहिले जंबो, ‘सम्राट अशोक’. शेजारी ‘१-१-७८’. नववर्षाच्या संध्याकाळी सांताक्रूझहून उडून ते दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. २१३ माणसे होती. मामाने नवी नोंद केली नाही. मागे जाऊन, तो नंबर स्वतः ज्या दिवशी पाहिला होता त्या ओळीतच तारीख घातली.

१९७९ मध्ये मामा पार्ले सोडून डोंबिवलीला गेला. त्यानंतर वहीत एकच ओळ आहे. तारीख आहे, नंबर नाही, जात नाही. तिथून विमाने दिसतात, पण अक्षरे वाचता येण्याइतकी खाली येत नाहीत. जागेच्या रकान्यात पूर्ण शब्द लिहिला आहे, ‘गच्ची’, कारण ‘ग’ हे अक्षर आधीच गॅलरीला देऊन झाले होते.