दुहेरी साखळी
* प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा आपल्या कोर्टवर, एकदा त्याच्या. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधली ही पद्धत संघ वाढले की मोडते. २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठे आली आणि ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या संघटनेत १८ संघ झाले (नावातले दहा केव्हाच मागे पडले होते). दुहेरी साखळीसाठी प्रत्येकाला ३४ सामने लागले असते, ठेवले २०. म्हणून २०२४-२५ च्या पुरुषांच्या हंगामात तिघांशी दोनदा, उरलेल्या चौदांशी एकदाच गाठ. ते तिघे दुबळे निघाले तर क्रमांक आयताच सुधारतो. गुणतक्त्यात ते दिसत नाही. पूर्व-पश्चिम गट पाडणे हा जुना तोडगा ‘एसईसी’ या दुसऱ्या संघटनेने २०११-१२ पासून सोडला. अकरा संघांची ‘बिग ईस्ट’ मात्र २० सामन्यांत दुहेरी साखळी पुरी करते.