औटकी, दिढी आणि तिर्धेल

मराठी माणूस 'दोन आणि अर्धा' असे म्हणत नाही, 'अडीच' म्हणतो. 'एक आणि पाव' न म्हणता 'सव्वा' म्हणतो, आणि 'दोनाला पाव कमी' हे सांगायला त्याच्याजवळ 'पावणेदोन' हा सुटसुटीत शब्द आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र याच अडीचचे वाचन 'दोन पूर्णांक एक छेद दोन' असे होते. एकाच संख्येची ही दोन नावे दोन निरनिराळ्या शिक्षणपरंपरांतून आली आहेत. त्यांपैकी पहिली परंपरा कशी घडली, ती कोणाच्या उपयोगी पडली आणि ती गेल्याने काय गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही मालवणच्या किनारपट्टीच्या निमित्ताने करणार आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी अंकगणिताकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की हे गणित प्रथम भाषेत घडले आणि मग पाटीवर आले.

शब्दांपासून आरंभ करू. 'सव्वा' म्हणजे सपाद, पावासह. 'पाऊण' म्हणजे पादोन, पावाने उणे. 'साडे' हे सार्धाचे रूप. येथवर सारे सरळ आहे. 'दीड', 'अडीच' आणि 'औट' यांची घडण मात्र वेगळी आहे. दीडच्या मागे द्व्यर्ध, अडीचच्या मागे अर्धतृतीय आणि औटच्या मागे अर्धचतुर्थ हे शब्द आहेत. अर्धतृतीय म्हणजे ज्यातील तिसरा अर्धाच आहे असे: दोन पुरे झाले, तिसरा अर्ध्यावर आहे. अर्धचतुर्थ म्हणजे तीन पुरे आणि चौथा अर्धा. ही गणना झालेल्या भागाबरोबर पुढच्या, अपुऱ्या भागाकडेही पाहते. रोमन लोकांचे सेस्टर्टियस हे नाणे मुळात अडीच 'अस' किमतीचे होते आणि त्याच्या नावाचा अर्थही 'तिसरा अर्धा' असाच आहे. जर्मन भाषेतला दीडचा जुना शब्द 'दुसरा अर्धा' याच रीतीने घडला आहे. तेव्हा ही रीत केवळ आपली नाही. ती आपल्याकडे फार जुनी आहे, एवढेच. अशोकाच्या रूपनाथ येथील लघुशिलालेखात 'अढतिय' (अडीच) आणि 'दियढिय' (दीडपट) हे दोन्ही शब्द आढळतात. आपण बाजारात जे शब्द उच्चारतो, त्यांचे पूर्वज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दगडावर कोरले गेले होते.

'औट'ची गोष्ट आणखी वेगळी. दीड आणि अडीच बोलण्यात टिकले, म्हणून 'साडेएक' व 'साडेदोन' रूढ झाले नाहीत. औटची जागा मात्र 'साडेतीन'ने घेतली. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. औट उरला तो संतवाङ्मयातील औट हात देहाच्या कल्पनेत, 'औटघटकेचे राज्य' या वाक्प्रचारात आणि 'औटकी' या पाढ्यात. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे औट घटका चौऱ्याऐंशी मिनिटांची. पाठांतर शब्दाला कसे जपते, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे येत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. उत्तर हिंदुस्थानात हूंठा (साडेतीन), ढौंचा (साडेचार) आणि पहुंचा (साडेपाच) असा पुढचाही क्रम होता. मराठी उजळणी औटकीपाशी थांबे. हे थांबणे अपुरे नव्हते. समजा, चोवीस नारळ प्रत्येकी पावणेसात पैशांना घ्यायचे आहेत. चोवीस सक एकशे चव्वेचाळीस आणि पाऊणकीतले चोवीसचे अठरा, मिळून एकशे बासष्ट पैसे. चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया या हिशेबाने दोन रुपये साडेआठ आणे झाले. छेद समान करणे नाही, अंशाधिक अपूर्णांक करून पुन्हा पूर्णांकयुक्त करणे नाही. दोन पाढे आणि एक बेरीज एवढ्यात काम संपते.

हे शक्य होते, कारण मापेच तशी होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या आरंभीच्या परिभाषेतही वीस कवड्यांची काकिणी झाली की पुढची सारी चढण चार आणि सोळा यांच्या पटीत होते. धान्याच्या मापांत निम्मे करत जाण्याची रीत होती: पायलीच्या निम्मी अधोली, तिच्या निम्मा शेर, शेराच्या निम्मे मापटे, त्याच्या निम्मे चिपटे. ज्याला निम्मे करता येते, त्याला हे सारे जग मोजता येते. लिहिण्याची पद्धतही याला धरून होती. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जुन्या मराठी पुस्तकांवर किंमत '१।' किंवा '१॥ रुपये' अशी छापलेली आमच्या वाचकांनी पाहिली असेल. तो दंड वाक्याच्या शेवटचा नव्हे, तो पाव रुपया आहे. या अपूर्णांकचिन्हांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००९ साली, व्यवहारातून ती जवळजवळ नाहीशी झाल्यावर.

आता किनारपट्टीकडे वळू. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते. येथील जीवन वाट्यांचे आहे. रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढून आणले की मिळालेल्या मासळीचे वाटे होतात: ओढणाऱ्या माणसांचे, जाळ्याचे, होडीचे. बाजारातही मासळी 'वाटा' म्हणून विकली जाते. शेतीतही हिस्से होते. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीची पद्धत होती, जरी दक्षिणेकडे तिच्याबरोबर इतर धारणापद्धतीही नांदत होत्या. खोताला पिकाचा अर्धा भाग देणारे कूळ 'अर्धेल', तिसरा भाग देणारे 'तिर्धेल'. माणसाची समाजातली जागा येथे अपूर्णांकाने सांगितली जाई.

या ठिकाणी पाढ्यांकडे पुन्हा पाहिले, की त्यांचा दुसरा चेहरा दिसतो. सवायकी आणि दिडकी ही केवळ गुणाकाराची साधने नव्हती. पावसाळ्याच्या तोंडी पेरणीसाठी वा पोटासाठी उसने घेतलेले धान्य सुगीला 'सवाई'ने किंवा 'दिढी'ने परत करण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित होती. सात पायल्या भात घेतले तर सवाईने पावणेनऊ, दिढीने साडेदहा. दोहोंतला फरक पावणेदोन पायल्यांचा, म्हणजे सात शेरांचा. चार-सहा महिन्यांच्या मुदतीवर दिढी म्हणजे वर्षाच्या मानाने शेकडा शंभर किंवा त्याहून अधिक व्याज. पण शेकड्याचा हा हिशेब आपण आज करतो. त्या वेळी तो 'दिढी' या एका शब्दात झाकलेला असे. सावकाराच्या मुलाला दिडकी शंभरापर्यंत पाठ होती. कुळाच्या मुलाला बहुधा शाळाच नव्हती, आणि मुलींना तर नव्हतीच. म्हणून पंतोजींच्या पाढ्यांचे कौतुक करताना आम्ही एक गोष्ट विसरू इच्छीत नाही: ते पाढे ज्यांच्या कानांवर पडत होते, त्यांच्यात धान्य मोजून देणाऱ्यांपेक्षा मोजून घेणारे अधिक होते.

जोतीराव फुल्यांनी हे नेमके ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात काय असावे हे सांगताना त्यांनी मोडी व बालबोध यांच्या लेखन-वाचनाबरोबर हिशेबाचाही आग्रह धरला. मोडी आणि हिशेब यांची ही जोडी सहज आलेली नाही. दस्तऐवज मोडीत असत आणि दस्तऐवजातली रक्कम रेघांत असे. ज्याला रेघा वाचता येत नाहीत, त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे दुसराच ठरवतो.

उजळणीतली एक उणीव येथे लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यात तिसऱ्या हिश्श्याचा पाढा नाही. पाव आहे, निम आहे, पाऊण आहे, तिहाई नाही. निम्मे करत जाणाऱ्या मापांत तिसरा भाग बसतच नाही: पायलीचा तिसरा हिस्सा म्हणजे एक शेर आणि वर शेराचा तिसरा हिस्सा, आणि तो मोजायला माप नाही. अर्धेलाचा हिशेब निमकीत होता. तिर्धेलाचा कोठल्याच पाढ्यात नव्हता. नाण्यांत मात्र ही सोय होती, कारण पैशाच्या तीन पै होत. रुपयाचा तिसरा भाग पाच आणे चार पै, शेष काही नाही. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि ही सोय संपली. शंभराचे तीन समान भाग होत नाहीत. आणा झाला सव्वासहा नव्या पैशांचा. १९५८ पासून दशमान वजने-मापेही येऊ लागली. त्याच सुमारास तेरेखोलच्या खाडीपलीकडे, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, सोळा टांगांची रुपिया जाऊन एस्कुदो आला. थोड्याच वर्षांत खाडीच्या दोन्ही तीरांवरचा सोळाचा हिशेब मोडला. रत्नागिरीतील खोती तर १९४९ च्या कायद्याने आधीच रद्द झाली होती. तिच्या विरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. जी मापे, जी नाणी आणि जे देणे यांच्यासाठी पाढे होते, ती सारी अशी एका दशकात बाजूला झाली. पाढे टाकून देण्याचा निर्णय कोणा एका अज्ञ शिक्षणाधिकाऱ्याने घेतला असे समजण्याचे कारण नाही.

याच किनाऱ्याने नव्या गणितालाही माणूस दिला, हे नमूद केले पाहिजे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. १८३२ साली 'दर्पण' सुरू करणारे पत्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि वाङ्मयाचे अभ्यासक १८४५ च्या पहिल्या मुद्रित ज्ञानेश्वरीचे संपादक म्हणूनही ओळखतात. पण एल्फिन्स्टन संस्थेत ते गणिताचे अध्यापक होते, आणि त्यांनी 'शून्यलब्धि' या नावाने कलनगणितावर मराठीत पुस्तक लिहिले. त्याआधी जॉर्ज जर्विस यांच्या पुढाकाराने हटनच्या इंग्रजी गणिताचे मराठी रूपांतर झाले होते. अंश, छेद आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांक यांची शिस्त या पुस्तकी परंपरेने शाळेत दृढ केली. ती शिस्त व्यापक होती: तिच्यात तिसरा हिस्सा बसतो, सातवाही बसतो. पाढ्यांना जे जमले नाही ते छेदाला जमले.

मग गेले काय? आमच्या मते गेला तो दुवा, जो बोलण्यातल्या संख्येला लिहिण्यातल्या संख्येशी जोडत होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते, की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावे लहान मुलांना जड जातात. पूर्णांकांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. अपूर्णांकांच्या बाबतीत स्थिती उलट आहे. तेथे घरातला शब्द सोपा आणि पुस्तकातला जड. मालवणच्या बाजारात पावशेर मिरची आणणारी मुलगी पाव, अर्धा, दीड, अडीच जाणते. शेर गेला, पण पावशेर अडीचशे ग्रॅमच्या रूपाने राहिला. चार आण्यांचे म्हणून ओळखले जाणारे पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून गेले, तरी 'चार आणे' म्हणजे चौथा हिस्सा हे तिला कळते. तिला अडीच म्हणजेच दोन पूर्णांक एक छेद दोन, पावणेसात म्हणजेच ६.७५, असे जोडून दाखवले तर तिची अर्धी वाट आधीच चालून झालेली असते.

औटकी पुन्हा घोकायला लावावी, असे आम्ही सुचवीत नाही. 'शेरास सव्वाशेर', 'दीडशहाणा', 'सोळा आणे खरे' हे शिकवताना मराठीच्या अध्यापकांनी त्यांच्यामागची मापे फळ्यावर मांडावीत, आणि सवाई-दिढीचे एक उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे. सात पायल्यांचे साडेदहा कसे होतात हे ज्याने स्वतः काढून पाहिले, त्याला ग्रामीण कथेतला कर्जाचा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.