धाकट्या सवंगड्याची किमया

प्रत्येक वर्गात असा एखादा विद्यार्थी असतो. मधल्या सुट्टीत सारी मुले मैदानावर धावतात, तेव्हा तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा असतो. तो कोणाशी भांडत नाही, कोणाची खोडी काढत नाही, म्हणून त्याची तक्रारही कोणी करत नाही. हजेरीपटावर त्याचे नाव रोज पुकारले जाते, पण खेळात भिडू निवडताना त्याचे नाव कोणी घेत नाही. अशा मुलाला इतर मुलांत कसे आणावे, हा शिक्षकांपुढचा जुना प्रश्न आहे. ‘अरे, जा ना, खेळ ना सगळ्यांबरोबर,’ असे सांगून भागत नाही, हा अनुभव आपणा सर्वांना आहेच.

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर विज्ञानाला माकडांच्या पिंजऱ्यात सापडले. ही हकिकत समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

तारेची आई आणि कापडाची आई

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत वर्तनवादी मानसशास्त्राचा मोठा दबदबा होता. या पंथाचे प्रवर्तक जॉन वॉटसन यांनी 1928 साली बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिले. मुलांना फार जवळ घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, असा सल्ला त्यात होता. मूल आईला चिकटते ते दुधासाठी. माया ही भुकेच्या पोटी जन्मते, असा तेव्हा समज होता.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो (1905–1981) यांनी या समजाला धक्का दिला. त्यांचे प्रयोग ऱ्हीसस जातीच्या माकडांवर चालत. उत्तर भारतात देवळांजवळ आणि रेल्वे स्थानकांवर सर्रास दिसणारी ही लाल तोंडाची माकडे त्या काळी आपल्या देशातून मोठ्या संख्येने अमेरिकेत जात. (ही निर्यात भारताने 1978 साली बंद केली.) बाहेरून आलेल्या माकडांबरोबर रोगही येत, म्हणून हार्लो यांनी आपल्या प्रयोगशाळेतच त्यांची पैदास सुरू केली. रोगाची लागण टाळण्यासाठी पिल्ले जन्मल्यावर लगेच आईपासून वेगळी करून स्वच्छ पिंजऱ्यात वाढवली जात. पिल्ले शरीराने धडधाकट झाली, पण त्यांचे वागणे विचित्र होते. ती पिंजऱ्यात अंथरलेल्या कापडाला घट्ट बिलगून बसत आणि ते काढून नेले की आकांत करत.

यातूनच तो प्रसिद्ध प्रयोग निघाला. पिल्लांना दोन बनावट आया देण्यात आल्या. एक होती नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईजवळ असली, तरी पिल्ले दूध पिऊन झाले की कापडाच्या आईकडे परतत आणि दिवसाचा बहुतेक वेळ तिलाच बिलगून असत. 1958 साली हार्लो यांनी हे निष्कर्ष जाहीर केले. स्पर्श आणि ऊब यांची भूक अन्नाच्या भुकेहून वेगळी असते, हे त्यावरून दिसले.

कथेचा हा भाग बहुतेकांनी वाचलेला असतो. पुढचा भाग मात्र कमी परिचित आहे. कापडाच्या आईजवळ वाढलेली पिल्ले मोठी झाली तेव्हा असे आढळले की, त्यांना इतर माकडांशी कसे वागावे हेच कळत नाही. खेळणे, मैत्री करणे, जोडी जमवणे, पिल्लू सांभाळणे यांतले त्यांना काहीच नीट जमत नव्हते. कापडाची आई ऊब देऊ शकत होती, पण सोबत देऊ शकत नव्हती. याउलट, आईविना पण बरोबरीच्या पिल्लांच्या संगतीत वाढलेली माकडे या बाबतीत पुष्कळच बरी निघाली.

एकांतवासाचे परिणाम

सोबतीचे मोल किती, हे पाहण्यासाठी हार्लो यांनी काही पिल्लांना जन्मापासून संपूर्ण एकांतात ठेवले. तीन महिन्यांनी बाहेर काढलेली पिल्ले पुढे सावरली. सहा महिने एकांतात काढलेली पिल्ले मात्र कोपऱ्यात अंग आक्रसून बसत, तासन् तास डोलत, स्वतःलाच मिठी मारत किंवा चावत. वर्षभर एकांतात राहिलेल्यांची अवस्था याहून वाईट होती.

हे प्रयोग क्रूर होते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियमांविषयीच्या चर्चेत त्यांचा उल्लेख वारंवार होतो. त्यांतून जे ज्ञान मिळाले त्याची किंमत मुक्या जिवांनी मोजली आहे. ते ज्ञान वापरताना याचा विसर पडू नये.

या पिल्लांना पुन्हा माणसाळवायचे, किंबहुना ‘माकडाळवायचे’, अनेक प्रयत्न झाले. त्यांना बरोबरीच्या निकोप पिल्लांत सोडले, तर ती पिल्ले त्यांच्यावर चाल करून जात आणि ही अधिकच आक्रसत. शेवटी असे मत बनत चालले की, पहिले सहा महिने हा सामाजिक शिक्षणाचा ठरावीक काळ असावा आणि तो एकदा हुकला की कायमचा हुकला.

तीन महिन्यांचे वैद्य

मात्र एका निरीक्षणात निराळा इशारा दडलेला होता. एकाकी वाढलेल्या माद्या पहिल्या पिल्लाकडे दुर्लक्ष करत, त्याला मारतही. तरीही काही पिल्ले पुनःपुन्हा आईला बिलगत राहिली. अशा चिकाटीच्या पिल्लांच्या आया दुसऱ्या खेपेला बऱ्यापैकी चांगल्या आया झाल्या. आईला मायेचे वळण लावण्यात त्या पिल्लाचाही वाटा होता, असे यावरून दिसत होते.

हार्लो आणि त्यांचे तरुण सहकारी स्टीफन सुओमी यांनी 1971 आणि 1972 साली एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने एकांतात काढलेल्या चार नरांबरोबर त्यांनी अवघ्या तीन महिन्यांची निकोप पिल्ले ठेवली. त्यांना ‘उपचारक माकडे’ असे नावच पडले.

इतकी लहान पिल्ले निवडण्यामागे विचार होता. तीन महिन्यांचे पिल्लू अजून हल्ला करायला शिकलेले नसते. ते जवळ येते आणि बिलगते. शिवाय त्याचा खेळ अगदी सोपा असतो आणि वयाबरोबर सावकाश वाढतो. म्हणजे शिकणाऱ्याला पायरीपायरीने चढता येते.

झालेही तसेच. सुरुवातीला एकाकी माकड कोपऱ्यात पळे. पिल्लू त्याच्या मागोमाग जाई आणि त्याला बिलगे. काही आठवड्यांत एकाकी माकडही त्याला बिलगू लागले. दुसऱ्याला मिठी मारणारे माकड त्याच वेळी स्वतःला मिठी मारून डोलू शकत नाही, त्यामुळे जुन्या विचित्र सवयी मागे पडत गेल्या. हळूहळू दोघांचा खेळ सुरू झाला. सुमारे सहा महिन्यांनी, मोजता येतील अशा बहुतेक सर्व बाबतींत ही माकडे इतरांसारखी वागू लागली. 1975 साली मेलिंडा नोव्हाक आणि हार्लो यांनी वर्षभर एकांतात काढलेल्या माकडांवरही हाच उपाय लागू पडल्याचे दाखवले. काळ हुकला की सारे संपले, हे मत त्यामुळे मागे घ्यावे लागले.

पिंजऱ्यातून बालवाडीत

माकडाचे मूल आणि माणसाचे मूल यांत मोठे अंतर आहे. पण शंका घ्यायला जागा होती आणि शंका असली की ती तपासता येते. मिनेसोटा विद्यापीठातील विलार्ड हार्टप यांनी विंडॉल फर्मन आणि डॉन राहे यांच्यासह ती तपासली. त्यांचा अभ्यास 1979 साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी पाळणाघरांतील मुलांचे निरीक्षण करून इतरांत फारशी न मिसळणारी 24 मुले निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातील प्रत्येक मुलाला वर्ष-दीड वर्षाने लहान असलेल्या मुलाबरोबर खेळायला दिले. दुसऱ्या गटातील मुलांना बरोबरीच्या वयाचा जोडीदार दिला. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. तो तुलनेसाठी होता. प्रत्येक जोडीला चार ते सहा आठवड्यांत अशा दहा बैठका मिळाल्या. खेळणी होती, सोबती होता. धडा किंवा उपदेश नव्हता.

त्यानंतर या मुलांचे त्यांच्या नेहमीच्या वर्गात पुन्हा निरीक्षण केले. जोडीदार मिळालेली मुले इतरांत अधिक मिसळू लागली होती आणि धाकटा जोडीदार मिळालेल्यांत हा फरक विशेष ठळक होता.

असे का व्हावे? संशोधकांच्या मते बुजऱ्या मुलाला पुढाकार घेण्याची संधीच मिळालेली नसते. बरोबरीच्या मुलांत त्याने ‘आपण घर बांधू या’ म्हटले, तर ते ऐकू येण्यापूर्वीच दुसऱ्या कोणाचा खेळ सुरू झालेला असतो. धाकटा मात्र त्याचे ऐकतो. त्याने ठोकळा ठेवला की हा दुसरा ठेवतो. आपण सुचवले आणि ते घडले, हा अनुभव त्याला बहुधा प्रथमच येतो. तेच धैर्य तो वर्गात घेऊन जातो.

24 मुलांचा हा अभ्यास लहान होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण मुलांच्या सामाजिक वाढीत इतर मुलांचा हात असतो, हा विचार याच सुमारास इतर मार्गांनीही पुढे येत होता. 1977 साली फिलिप स्ट्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांनाच शिकवून तयार केले आणि अबोल सवंगड्यांना खेळात ओढण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. स्वमग्न मुलांसाठी आज ज्या पद्धती पुराव्यांनिशी मान्य झाल्या आहेत, त्यांत सवंगड्यांच्या मदतीने चालणाऱ्या पद्धतींचाही समावेश आहे.

आपल्या शाळेत

आपल्याकडे निरनिराळ्या वयांची मुले एकत्र येण्याची सोय नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे सुरू केलेले काम पुढे कोसबाडला गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहावे लागणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता यावे, हा त्यामागचा हेतू होता. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसणाऱ्या आपल्या असंख्य शाळांना ही सोय आपोआपच मिळाली आहे. एरवी आपण ती अडचण मानतो.

अशा शाळेत काय करता येईल? बुजऱ्या मुलाला खालच्या इयत्तेतील एखाद्या शांत मुलाबरोबर आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटे खेळू द्यावे. जोडी काही आठवडे तीच ठेवावी. शिक्षकांनी दूर राहावे. ‘याला सांभाळ’ असे मात्र सांगू नये. सांभाळणे म्हटले की ते काम होते आणि खेळ उरत नाही. हे कशासाठी चालले आहे याची वर्गात वाच्यताही करू नये.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काही मुले स्वभावानेच शांत असतात, एखादा जिवलग मित्र त्यांना पुरतो. त्यांना बदलण्याचे कारण नाही. आणि कालपर्यंत हसतेखेळते असलेले मूल एकाएकी गप्प झाले, तर आधी कारण शोधावे. कमी ऐकू येणे, घरातले दुःख, कोणाचा छळ, यांपैकी काहीही असू शकते. तेथे पालकांशी बोलणे आणि तज्ज्ञाची मदत घेणे हाच मार्ग आहे. सवंगडी त्याची जागा घेऊ शकत नाही.

बाकीच्या मुलांसाठी पहिली पायरी शाळेच्या आवारातच आहे. पुढच्या मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभे असलेले मूल दिसले, तर त्याला मोठ्या घोळक्यात ढकलण्याआधी त्याच्याहून लहान असा एक भिडू शोधून पाहावा.