दोन गणकयंत्रे आणि चार डाव

१९६६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात मॉस्को आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान तारेने काही आगळे संदेश जाऊ-येऊ लागले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्ध त्या वेळी भरात होते. परंतु ह्या तारांमध्ये ना धमकी होती ना निषेध. घोडा कोणत्या घरात गेला, प्याद्याने काय मारले, एवढाच त्यांतला मजकूर. बुद्धिबळाचे चार डाव एकाच वेळी चालू होते. पण पटाच्या दोन्ही बाजूंना माणूस नव्हता. एका बाजूला होते मॉस्कोतील एम-२ हे गणकयंत्र, आणि दुसऱ्या बाजूला आयबीएम ७०९०. माणसे होती ती केवळ यंत्राने सांगितलेली चाल तारघरापर्यंत पोचविणारी.

ही दोन यंत्रे शेजारी-शेजारी ठेवली, तर जोड किती विजोड होती हे ध्यानात येईल. एम-२ हे १९५२ साली इसाक ब्रुक यांच्या प्रयोगशाळेत बांधलेले, निर्वात नलिकांवर चालणारे यंत्र. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २,००० क्रिया. आयबीएम ७०९० हे १९५९ साली बाजारात आलेले, ट्रान्झिस्टरांनी घडविलेले. सेकंदाला लाखाहून अधिक बेरजा सहज करणारे. म्हणजे बैलगाडीने आगगाडीशी शर्यत लावावी, असाच तो प्रकार होता. आणि तरीही ह्या शर्यतीचा निकाल बैलगाडीच्या बाजूने लागला. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यंत्राला बुद्धिबळ शिकविण्याचे दोन मार्ग सांगितले होते. पटावरील सर्वसाधारण स्थितीत खेळणाऱ्याला तीसएक चाली उपलब्ध असतात. दोन्ही पक्षांनी एकेक चाल खेळली की सुमारे १,००० शक्यता होतात, आणि तीन-तीन चालींनंतर ती संख्या १०० कोटींवर जाते. पहिला मार्ग असा, की काही ठराविक खोलीपर्यंत एकही चाल न वगळता सारे तपासावे. दुसरा मार्ग असा, की निरर्थक चाली आधीच बाजूला साराव्यात आणि मोजक्या आशादायक चालींचाच खोलवर पाठपुरावा करावा. शॅनन यांचा ओढा दुसऱ्या मार्गाकडे होता, आणि ते स्वाभाविकही होते. कसलेला खेळाडू पटाकडे पाहताच बहुतेक चाली मनातून काढून टाकतो.

अमेरिकन पक्षाने हाच मार्ग पत्करला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ॲलन कोटोक या विद्यार्थ्याने आपल्या सहाध्यायांसमवेत हा कार्यक्रम रचला आणि १९६२ साली त्यावर प्रबंध लिहिला. त्याचे मार्गदर्शक जॉन मॅकार्थी पुढे स्टॅनफर्डला गेले आणि कार्यक्रमही त्यांच्याबरोबर गेला. त्याची निवड फार कडक असे. पहिल्या पायरीवर चार चाली, दुसरीवर तीन, मग दोन, पुन्हा दोन आणि त्यापुढे एकेकच. खोली पुष्कळ, रुंदी मात्र अगदी थोडी. १९६५ साली मॅकार्थी सोव्हिएत संघात गेले आणि तेथे सामन्याची गोष्ट निघाली.

मॉस्कोतील सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्थेत अलेक्सान्द्र क्रोनरोद यांच्या हाताखाली गणितज्ञांचा एक गट काम करीत होता. त्यात गिओर्गी आदेल्सन-वेल्स्की आणि व्लादिमीर आर्लाझारोव होते. (आदेल्सन-वेल्स्की आणि लांदिस यांनी १९६२ साली मांडलेली संतुलित वृक्षाची रचना संगणकशास्त्राचा विद्यार्थी आजही शिकतो.) ह्या गटाने शॅनन यांचा पहिला, म्हणजे गाढवमेहनतीचा, मार्ग धरला. यंत्र दुबळे असल्यामुळे खोली फार गाठता येईना. दोन डावांत त्यांनी तीन अर्धचालींपर्यंत शोध घेतला आणि उरलेल्या दोन डावांत पाच अर्धचालींपर्यंत. जेथे खोली तीन होती ते डाव अनिर्णीत राहिले. जेथे पाच होती ते दोन्ही मॉस्कोने जिंकले. तीन विरुद्ध एक गुणांनी सामना सोव्हिएत पक्षाकडे गेला.

जिंकलेल्यांपैकी एक डाव विशेष बोलका आहे. अमेरिकन यंत्राचा घोडा मध्यभागातून एका घरातून दुसऱ्या घरात उड्या मारीत राहिला, पांढऱ्याचा वजीर आणि प्यादी त्याला हुसकावीत राहिली, आणि शेवटी तो राजाच्या बाजूला अडकून पडला. त्याला मारता मारता हत्तीची पट्टी मोकळी झाली, पांढरा हत्ती आत घुसला आणि वीसएक चालींत काळ्या राजावर मात झाली. उत्तर तसे दूर नव्हते. परंतु ज्या मोजक्या चाली निवडल्या जात, त्यांत ते नसेल तर यंत्राच्या लेखी ते अस्तित्वातच नसे. ज्याला नीट निवडता येत नाही त्याने निवडू नये, सगळे पाहावे, हा त्या काळापुरता तरी खरा न्याय ठरला. वेगवान यंत्र चुकीच्या वाटेने अधिक वेगाने गेले, इतकेच.

विजेत्यांच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. यंत्राचा मौल्यवान वेळ खेळात घालविला जातो, अशी संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञांची तक्रार होतीच. १९६८ साली येसेनिन-वोल्पिन या गणितज्ञाला सक्तीने मनोरुग्णालयात ठेवण्यात आले, तेव्हा ९९ गणितज्ञांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. त्यांत क्रोनरोद होते. त्यांना संस्थेतील स्थान गमवावे लागले. आर्लाझारोव आदी मंडळींनी दुसऱ्या संस्थेत काम चालू ठेवले. त्यातून निर्माण झालेला 'काइसा' हा कार्यक्रम १९७४ साली स्टॉकहोम येथे पहिला जागतिक विजेता ठरला; तो चालत होता ब्रिटिश बनावटीच्या आयसीएल यंत्रावर.

त्यानंतर यंत्रांची चढाओढ वाढतच गेली. बेल प्रयोगशाळेतील 'बेल' हे केवळ बुद्धिबळासाठी घडविलेले यंत्र १९८० साली लिंझ येथे जिंकले. सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती ते तपाशी. १९८३ आणि १९८६ साली क्रे महासंगणकावरील 'क्रे ब्लिट्झ'ने ते पद घेतले. १९९७ च्या मे महिन्यात आयबीएमच्या 'डीप ब्लू'ने न्यूयॉर्क येथे कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरविले, तेव्हा ४८० खास चिपा मिळून सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती पाहात होत्या. पण आकड्यांच्या ह्या दिमाखातही १९६६ सालचा अनुभव पुन्हा आला होता. १९९५ साली हाँगकाँगमध्ये दुकानात मिळणाऱ्या एका पेंटियम प्रोसेसरवर चालणाऱ्या 'फ्रिट्झ'ने डीप ब्लूच्या पूर्वावतारास हरविले, आणि मग विजेतेपदाच्या निर्णायक डावात १,८२४ प्रोसेसरांच्या यंत्रावर बसलेल्या 'स्टार सॉक्रेटिस'वरही मात केली.

शॅनन यांचा दुसरा मार्ग मागे पडला, असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८ साली 'अल्फाझीरो'चा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि हे मत डळमळले. गुगलच्या चार खास प्रोसेसरांवर चालणारा हा कार्यक्रम सेकंदाला सुमारे ६०,००० स्थिती पाही. त्याचा प्रतिस्पर्धी 'स्टॉकफिश' ४४ गाभ्यांच्या साध्या यंत्रावर सुमारे ६ कोटी. १,००० डावांपैकी अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ गमावले, बाकीचे बरोबरीत सुटले. इतक्या भिन्न जातींच्या यंत्रांची तुलना न्याय्य कशी, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि त्यात तथ्यही होते. पण निवड करणे यंत्राला साधले होते, कारण ती निवड माणसाने घालून दिलेली नसून स्वतःशी खेळून कमावलेली होती. दोन वर्षांनी, २०२० साली, स्टॉकफिशनेही असेच एक लहान चेताजाल आपल्या अंगी घेतले. आणि त्यासाठी त्याला खास प्रोसेसर लागला नाही, घरातल्या साध्या संगणकावर ते चालले.